जमीन राखणाऱ्या संस्थेच्या बोर्डावर बोलावलंय, हो म्हणू का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज सल्ला हवाय म्हणून धागा काढतेय.

उद्यानं आणि मोकळ्या जमिनी राखणाऱ्या एका ना-नफा संस्थेत मी सहा वर्षं स्वयंसेवक आहे. तण उपटणं, रोपं लावणं, पायवाटेवर आलेल्या फांद्या छाटणं, शाळेच्या मुलांना पक्षी दाखवणं, असली कामं. आनंदाची आहेत, दुसऱ्या दिवशी कंबर धरते एवढंच. गेल्या आठवड्यात अध्यक्षबाईंचा फोन आला. "बोर्डावर येतेस का? प्रत्यक्ष मातीत काम केलेलं माणूस हवंय. वर्षाला सहा मीटिंगा असतात, फार वेळ जात नाही." मी विचार करून सांगते म्हटलं.

संस्थेची कामं दोन प्रकारची आहेत. काही उद्यानं नगरपालिकेच्या मालकीची आहेत, त्यांची देखभाल संस्था करारावर करते. काही जमिनी संस्थेच्या स्वतःच्या आहेत, आणि काही खाजगी जमिनींवर 'इथे कधीच बांधकाम होणार नाही' असा कायमचा करार संस्थेच्या नावे आहे.

मला ताळेबंद वाचता येत नाही. लोकांकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही. बोर्डावरची माणसं नक्की काय करतात हेही सहा वर्षांत मला कळलेलं नाही, फक्त वार्षिक कार्यक्रमात ती पुढच्या रांगेत बसतात एवढं माहीत आहे. कोणी असं काम केलंय का? आणि उद्या काही बिनसलं तर आपल्या गळ्यात काय पडतं?

उगाच

"वर्षाला सहा मीटिंगा, फार वेळ जात नाही." हे वाक्य ऐकून मी आजवर तीन बोर्डांवर गेलो. माझ्या केसांचं काय झालं ते प्रोफाइलमधल्या फोटोत पाहून घ्या.

शमी

रानजाई, मी अशाच एका संस्थेच्या बोर्डावर नऊ वर्षं होते, त्यातली शेवटची तीन अध्यक्ष म्हणून. थोडं सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, बोर्ड झाडं लावत नाही. झाडं लावायला पैसा आहे का, जागा आपली आहे का, ती लावणारी माणसं नीट नेमली आहेत का, आणि आपण दहा वर्षांनी इथे असू का, हे बोर्ड बघतं. स्वयंसेवक म्हणून मिळणारा आनंद बोर्डावर मिळेल असं समजून गेलात तर दुसऱ्याच मीटिंगला कंटाळाल. माझी पहिली पूर्ण मीटिंग छत बदलण्याच्या तीन कोटेशनांवर गेली होती.

दुसरी गोष्ट अधिकाराची. बोर्डाच्या हाताखाली खऱ्या अर्थाने एकच माणूस असतो, तो म्हणजे कार्यकारी संचालक. बाकीचे कर्मचारी त्याच्या हाताखाली. हे तोंडी सगळ्यांना पाठ असतं आणि पहिल्याच महिन्यात सगळे मोडतात. माझंच सांगते. एका उद्यानात तळ्याकाठी एक बाक होतं, तळ्याकडे पाठ करून ठेवलेलं. मला ते इतकं खटकायचं! एक दिवस माळीदादा समोर दिसले, त्यांना म्हटलं हे जरा फिरवून पुढे घ्या ना. अध्यक्षबाई सांगतायत म्हटल्यावर त्यांनी तासाभरात घेतलं. दुसऱ्या दिवशी संचालकांचा फोन. बाकाच्या बाजूची ती मोकळी फरशी व्हीलचेअर वळवण्यासाठी मुद्दाम सोडलेली होती आणि बाक आता बरोबर तिच्यावर आलं होतं. फरशीवर चाकांचे अर्धगोल वळ पडलेले मी नंतर जाऊन पाहिले. इतक्या वेळा तिथून गेले होते, तरी ते कधी दिसले नव्हते. तुम्ही शनिवारी तण उपटायला जालच, जरूर जा. पण तेव्हा तुम्ही स्वयंसेवक. कर्मचाऱ्यांना सूचना द्यायच्या नाहीत. आवडलं नाही ते संचालकांना सांगायचं.

तिसरी गोष्ट, हो म्हणण्याआधी कागद मागा. घटना आणि नियमावली, मागच्या तीन वर्षांची लेखापरीक्षित पत्रकं, मागच्या सहा मीटिंगांची इतिवृत्तं, विम्याचे कागद. मागितल्यावर कोणी नाक मुरडलं तर तेच तुमचं उत्तर समजा. इतिवृत्तं मन लावून वाचा. प्रत्येक ठरावापुढे 'एकमताने मंजूर', चर्चेचा मागमूस नाही, दीड तासात चौदा विषय उरकलेले, असं असेल तर ते बोर्ड नंदीबैलांचं आहे. संचालक गुबुगुबु वाजवतो आणि हे माना डोलावतात. अशा ठिकाणी जायचं तर माहीत असून जा.

आणि मुदत विचारा. सर्वसाधारणपणे तीन वर्षांची एक मुदत आणि लागोपाठ दोनच मुदती असा नियम बऱ्याच संस्थांत असतो. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून माझी नऊ वर्षं झाली. शेवटची दोन उगाच झाली, हे माझं प्रामाणिक मत.

खातेवही

शमीताईंशी शंभर टक्के सहमत. मी एका संस्थेचा खजिनदार आहे, पैशाचा भाग मी घेतो.

रानजाई, ताळेबंदाला घाबरू नका. जमीन राखणाऱ्या संस्थेचा ताळेबंद हा फसवा प्रकार असतो, तो कसा फसवतो तेवढं कळलं तरी पुष्कळ. मालमत्तेच्या बाजूला जमिनीचा मोठा आकडा दिसतो आणि संस्था धष्टपुष्ट वाटते. पण ती जमीन विकायचीच नाही, त्यासाठीच तर संस्था आहे! त्या आकड्यातून एक कुंपणाचा खांबही विकत घेता येत नाही. उलट जमीन जितकी जास्त तितका खर्च जास्त. तेव्हा तो आकडा बोटाने झाका आणि उरलेलं वाचा.

उरलेल्यातही दोन कप्पे असतात. देणगीदाराने विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा आणि मोकळा पैसा. पुलासाठी दिलेला पैसा पुलालाच लागतो, त्यातून पगार करता येत नाही. बँकेत भरपूर शिल्लक आणि पुढच्या महिन्याचा पगार कुठून द्यायचा ही विवंचना, असं एकाच वेळी होऊ शकतं. मी पाहिलंय. म्हणून फक्त एवढं विचारायचं: आजपासून एकही देणगी आली नाही, तर मोकळ्या पैशावर आपण किती महिने चालू? खजिनदाराला पटकन उत्तर देता आलं नाही, तर त्याला पुढच्या मीटिंगपर्यंत वेळ द्या. पुढच्या मीटिंगलाही आलं नाही तर काळजी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, देखभालीचा कायमस्वरूपी निधी. जमीन घेणं हा एकदाचा खर्च, सांभाळणं हा कायमचा. मुद्दल शाबूत ठेवून महागाईशी टक्कर द्यायची तर अशा निधीतून वर्षाला साधारण 4 टक्केच काढता येतात असं धरून चाला. म्हणजे एखाद्या जागेचा वार्षिक खर्च जेवढा, त्याच्या 25 पट रक्कम आधी बाजूला हवी. जागा फुकट मिळाली तरी हा हिशेब सुटत नाही. हा 25 चा पाढा आमच्या बोर्डावर मी एकटाच म्हणतो, आणि लोक मला 'आले अपशकुनी' म्हणतात.

बांधावरचा

खातेवहींचा पाढा इथे फ्रेम करून लावा कोणीतरी.

मी बोर्डावर नाही, कधी जाणारही नाही. मी अशा संस्थेचा नोकर, जमिनींची पाहणी करणारा. पायांत बूट, हातात जीपीएस आणि मागच्या वर्षीचे फोटो. बोर्डाने घेतलेल्या निर्णयांचं पुढे काय होतं ते मला चिखलात दिसतं.

आपल्याकडे म्हण आहे, धर्माच्या गाई आणि दात का गं नाही. जमिनीच्या बाबतीत ही म्हण उलटी करून वापरा. फुकट गाय आली की आधी तोंड उघडून दात मोजायचे. एका वयस्कर गृहस्थांनी आमच्या संस्थेला ओढ्याकाठची जमीन देऊ केली होती. फार सुंदर जागा. बोर्डाची सहल झाली, दाट सावली, पाण्याचा आवाज, सगळे हळवे झाले. ते गृहस्थही मोठे सज्जन. ठराव त्याच दिवशी झाडाखाली उभ्याउभ्या व्हायचा, पण एका बाईंनी 'आधी पाहणी होऊ दे' म्हणून धरून ठेवलं. बाकीच्यांना ते जरा असभ्य वाटलं, चेहऱ्यांवर दिसत होतं.

पाहणीला मी गेलो. हद्दीच्या कडेने चालत गेलं की जमीन खरं बोलते. ईशान्येच्या कोपऱ्यात काटेरी झुडपांमागे जमिनीला एक उंचवटा होता आणि त्यावर गवत वेगळं, पिवळट, खुरटं. काठी खुपसली तर टण्‌ असा आवाज आला. माती उकरली तर पत्र्याचं पिंप. मग दुसरं. पुढे तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा एकोणीस निघाली, काही गळालेली. त्या गृहस्थांना खरंच माहीत नव्हतं, त्यांच्याही आधीच्या मालकाचा उद्योग. जमीन आमच्या नावावर झाली असती तर ती साफ करायची जबाबदारीही आमच्यावर आली असती आणि तीन-चार वर्षांचं बजेट त्या पिंपांत गेलं असतं. प्रदूषणाचे कायदे काही देशांत असेच असतात, घाण कोणी केली याबरोबरच आज मालक कोण हेही पाहिलं जातं. अमेरिकेत 1980 च्या सुपरफंड कायद्याने आजचा मालकही धरला जातो. म्हणून तिथे खरेदीआधी जागेचा पूर्वीचा वापर, जुने नकाशे, हवाई छायाचित्रं तपासून रीतसर अहवाल करून घेतात.

त्या बाई बोर्डावर नवीन होत्या. तिसरी मीटिंग असेल त्यांची.

निवांत

वाचतोय. बांधावरचा, स्वतंत्र लेखमाला लिहा राव.

कलम

'गळ्यात काय पडतं' याचं उत्तर देशागणिक बदलतं, त्यामुळे तुमच्या ठिकाणचा वकील गाठाच. पण गाभा जवळपास सगळीकडे सारखा आहे. बोर्डाच्या सदस्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. शहाण्या माणसाने दाखवावी तेवढी दक्षता, स्वतःच्या फायद्याआधी संस्थेचं हित, आणि संस्थेच्या घोषित उद्दिष्टाशी व कायद्याशी इमान. तुमचा निर्णय चुकला म्हणून सहसा कोणी तुम्हाला धरत नाही. कागद न वाचता, प्रश्न न विचारता निर्णय घेतलात तर धरतात.

अमेरिकेत 1974 चा सिब्ली हॉस्पिटलचा खटला आहे, संस्था रुग्णालयाची पण धडा सगळ्या ना-नफा बोर्डांना लागू पडतो. विश्वस्तांनी गुंतवणूक पाहायला समित्या नेमल्या होत्या आणि त्या समित्या वर्षानुवर्षं भरल्याच नव्हत्या. पैसा नाममात्र किंवा बिनव्याजी खात्यांत पडून, आणि ती खाती ज्या बँकांत होती त्यांच्याशी काही विश्वस्तांचेच संबंध. खिशात कोणी घातलं असं सिद्ध झालं नाही, पण न्यायालयाने कर्तव्यभंग मानलाच. 'मी समितीवर फक्त नावाला होतो' हा बचाव चालला नाही.

विम्याचं: संचालक आणि पदाधिकाऱ्यांसाठीचा विमा, ज्याला सगळे डी अँड ओ म्हणतात, तो आहे का ते विचाराच. अमेरिकेत 1997 च्या कायद्याने बिनपगारी स्वयंसेवकांना साध्या हलगर्जीपणासाठी बरंच संरक्षण आहे, ढळढळीत बेपर्वाईसाठी नाही. पण संरक्षण असणं वेगळं आणि दावा लढवण्याचा खर्च वेगळा.

आता तुमच्या संस्थेकडच्या त्या कायमच्या करारांविषयी. यांना ईझमेंट म्हणतात. जमीन मालकाचीच राहते, तो विकू शकतो, मुलांना देऊ शकतो, फक्त प्लॉट पाडण्याचा, बांधण्याचा हक्क त्याने कायमचा सोडलेला असतो आणि तो पाळला जातो की नाही हे बघायची जबाबदारी संस्थेची. 'कायमचा' या शब्दावर जरा थांबा. करार करणारा सहसा पाळतोच, त्याला त्या जमिनीची माया असते. भांडण होतं ते तिसऱ्या मालकाशी, ज्याने जमीन घेताना करार नीट वाचलाच नाही. अमेरिकेतल्या अशा संस्थांनी 2013 पासून 'टेराफर्मा' नावाची स्वतःची विमा व्यवस्था उभी केली ती याच खटल्यांच्या खर्चासाठी.

आणि करसवलतीचे गैरप्रकार. ईझमेंट दान केल्यावर करात वजावट मिळते, म्हणून काही हुशार मंडळी स्वस्तात जमीन घ्यायची, तिचं मूल्यांकन आकाशाला भिडवायची आणि गुंतवणूकदारांना त्यांनी घातलेल्या पैशाच्या कित्येक पट वजावट वाटायची. अमेरिकेच्या करखात्याने 2016 च्या अखेरीस असे व्यवहार, जिथे वजावट गुंतवणुकीच्या अडीचपट किंवा जास्त दाखवली जाते ते, संशयित यादीत टाकले. 2022 अखेरच्या कायद्याने अडीचपटीवरची वजावट, काही अपवाद सोडून, बंदच झाली. दान स्वीकारणारी संस्था त्या कागदावर सही करते. बोर्डाने 'मूल्यांकन आमचं काम नाही' म्हणून डोळे मिटले तर संस्थेचं नाव त्या चिखलात जातं.

बांधावरचा

कलमसाहेबांच्या 'तिसऱ्या मालका'ला दुजोरा. ईझमेंट घेतलं की पहिल्या दिवशी जमिनीची सद्यःस्थिती नोंदवून ठेवतात. नकाशे, फोटो, कुठे उभं राहून कुठल्या दिशेला फोटो काढला ते, आणि मालकाची सही. मग दरवर्षी एकदा तिथेच उभं राहून तोच फोटो. सात वर्षं एकाच ओकचा फोटो काढत होतो. आठव्या वर्षी ओकच्या डाव्या अंगाला लाकडं ठेवायची शेड. मालक नवा. म्हणाला, "ही आधीपासूनच आहे." मी फोल्डर उघडून बॉनेटवर सात फोटो ओळीने मांडले. त्याने एक-एक उचलून पाहिला आणि म्हणाला, "झाड छान आलंय." शेड महिन्याभरात हलली. वकील लागला नाही.

एखादं वर्ष पाहणी चुकली असती तर तेच वर्ष त्याने धरलं असतं. पण बजेटात काटछाट करायची वेळ आली की बोर्डाला पहिली आठवते ती माझी गाडी.

रानजाई

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मनापासून आभार. कागद मागवलेत, अध्यक्षबाईंनी नाक मुरडलं नाही, उलट 'हे विचारणारी तू पहिलीच' म्हणाल्या. याने बरं वाटावं की वाईट हे कळेना.

एक अडचण आधी सांगितली नव्हती. माझ्या नवऱ्याची रोपवाटिका आहे, आणि संस्था काही रोपं त्याच्याकडून घेते. मी स्वयंसेवक व्हायच्या आधीपासून. दर वाजवी आहेत. आता मी बोर्डावर गेले तर हे बंद करावं लागेल का?

शमी

बंद करावं लागेलच असं नाही. लपवलं तर मात्र सगळं बंद होईल. हो म्हणण्याआधी लेखी कळवा. दरवर्षी हितसंबंधांचा फॉर्म भरून घेतात त्यात लिहा. रोपांच्या खरेदीचा विषय निघाला की चर्चेत भाग घ्यायचा नाही, मत द्यायचं नाही, खोलीबाहेर जायचं, आणि 'बाहेर गेल्या' हे इतिवृत्तात यायला हवं. नुसतं गप्प बसून चालत नाही. तुम्ही समोर बसलेल्या असताना कोण म्हणणार तुमच्या नवऱ्याची रोपं महाग आहेत म्हणून? आणि संस्थेने दोन-तीन ठिकाणचे दर मागवून फायलीला लावायचे.

कलम

हे क्षुल्लक समजू नका. जगातल्या सगळ्यात मोठ्या संवर्धन संस्थांपैकी एक, नेचर कन्झर्व्हन्सी, 1951 ची. 2003 मध्ये वॉशिंग्टन पोस्टने तिच्यावर लेखमाला चालवली. त्यात एक मुद्दा असा होता की संस्थेने निर्बंध घातलेल्या काही जमिनी आपल्याच वर्तुळातल्या लोकांना, त्यांत विश्वस्तही, विकल्या होत्या. गदारोळ झाला, सिनेटच्या समितीने चौकशी केली, आणि संस्थेने असे व्यवहार बंद केले. तिथे निदान जमिनींची बाब होती. पण लोकांना रोपं आणि जमीन यांतला फरक दिसत नाही, बातमीचा मथळा दिसतो.

पानगळ

सगळं ठीक आहे, पण मूळ प्रश्न कोणीच विचारत नाहीये. अशा बोर्डांवर कोण असतं? ज्यांच्या खिडकीतून ती हिरवळ दिसते ते. 'संवर्धन' म्हणजे माझ्या बंगल्यामागे कोणी स्वस्त घरं बांधू नयेत, असा त्याचा खरा अर्थ बऱ्याच ठिकाणी असतो. वर त्याला करसवलत! आणि उद्यानांचं म्हणाल तर श्रीमंत वस्तीतल्या उद्यानाला संस्था मिळते, देणग्या मिळतात, दिवे मिळतात. गरीब वस्तीतलं उद्यान नगरपालिकेच्या भरवशावर, म्हणजे रामभरोसे. रानजाईंनी जावं की नाही यापेक्षा असल्या संस्था असाव्यात का हा प्रश्न आहे.

खातेवही

पानगळ, आला नाहीत तोपर्यंत चुकल्यासारखं वाटत होतं.

शमी

खातेवही, चेष्टा नको, त्यांचा मुद्दा खरा आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचंच घ्या. 1970 च्या दशकात शहराकडे पैसा नव्हता आणि 843 एकरांच्या त्या बागेची रया गेली होती. 1980 मध्ये नागरिकांनी सेंट्रल पार्क कन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था काढली, देणग्या गोळा केल्या, आणि 1998 मध्ये शहराने रीतसर करार करून देखभाल तिच्याकडे दिली. बाग सावरली हे निर्विवाद. पण सेंट्रल पार्कभोवती जे देणगीदार राहतात ते प्रत्येक बागेभोवती राहत नाहीत, ही टीका तेव्हापासून होतेय आणि तिला कोणी समाधानकारक उत्तर दिलंय असं मला वाटत नाही.

आमच्या बोर्डावर हाच वाद दोन वर्षं चालला. एका उद्यानात देणगीदाराला कारंजं हवं होतं. दुसऱ्या उद्यानातल्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. कारंज्याला फीत कापायला माणसं मिळतात, कडीला कोण देणगी देणार? शेवटी नियम केला की नावाची पाटी लागणाऱ्या प्रत्येक देणगीतला ठराविक हिस्सा इतर उद्यानांच्या देखभालीला जाईल. दोन देणगीदार रुसले, एक कायमचा गेला. बाकीचे राहिले. अजूनही मला तो नियम पुरेसा वाटत नाही, पण कडी बसली.

बोर्डावर कोण बसतं हे महत्त्वाचं आहे, पानगळ, म्हणूनच तण उपटणारी बाई तिथे जायला हवी.

कलम

पानगळ यांच्या मुद्द्याला इतिहासाची एक जोड. इंग्लंडचा नॅशनल ट्रस्ट 1895 मध्ये तिघांनी काढला: ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली. हिलबाईंचं मूळ काम लंडनमधल्या गरिबांच्या घरांचं. कोंदट खोल्यांत राहणाऱ्या माणसांना उघड्यावर बसायला जागा हवी, तिथून सुरुवात. ट्रस्टला मिळालेली पहिली जमीन वेल्समधली, दिनास ओलाय, जेमतेम साडेचार एकर टेकडी. पुढे 1907 च्या कायद्याने ट्रस्टला आपल्या जमिनी 'कधीही न विकण्यायोग्य' जाहीर करायचा अधिकार मिळाला.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. अमेरिकेत 1918 पासून रेडवूड या उंच वृक्षांची जंगलं राखणाऱ्या सेव्ह द रेडवूड्स लीगने 523 एकरांचं जंगल तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या परिषदेकडे परत सोपवलं, 2022 च्या जानेवारीत ते जाहीर झालं. मालकी जमातींची, आणि संरक्षणाचं ईझमेंट लीगकडे. जमीन राखायची म्हणजे माणसांना बाहेर काढायचंच असं नाही, हे बोर्डांना उशिरा का होईना कळतंय.

पानगळ

साडेचार एकर आणि 523 एकर, दोन्ही उदाहरणं मान्य. मधल्या शंभरेक वर्षांचं काय, ते विचारत राहीन.

निवांत

एक शंका. देणग्या मागायला लागतातच का? मला तर उसने दिलेले पैसे परत मागतानाही घाम फुटतो.

खातेवही

लागतात. 'बोर्डाच्या शंभर टक्के सदस्यांनी स्वतः काही ना काही दिलंय' हे वाक्य मोठे देणगीदार शोधत असतात, रक्कम कितीही असो. बाहेर मागायचं म्हणाल तर प्रत्येकाने मागायलाच हवं असं नाही. आमच्याकडे एक सदस्य कधीच पैसे मागत नाहीत. ते फक्त देणगीदारांना फोन करून आभार मानतात, काही न मागता. पुढच्या वर्षी त्यांतले बरेचजण न सांगता पुन्हा देतात. रानजाई, तुम्ही लोकांना ओढ्यावर फिरवून आणा. पैशाची गोष्ट संचालक काढतील.

एक मात्र सांगतो, पैसे मागता येत नाहीत यापेक्षा मोठी अडचण आहे नको म्हणता येत नाही ही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशा बोर्डावर रोज पटतं. भिडेपोटी घेतलेली जमीन, भिडेपोटी नेमलेला नातेवाईक, भिडेपोटी न केलेलं ऑडिट.

उगाच

आणि भिडेपोटी स्वीकारलेलं अध्यक्षपद. (पुन्हा फोटो पाहा.)

रानजाई

धागा वर काढतेय, तीन महिन्यांनी.

हो म्हटलं. रोपवाटिकेचं लेखी कळवलं होतं. संस्थेने आणखी दोन ठिकाणचे दर मागवले, एका प्रकारच्या रोपांत नवरा महाग निघाला, ती ऑर्डर दुसरीकडे गेली. घरी दोन दिवस जरा शांतता होती.

काल पहिली खरी मीटिंग झाली. अकरा विषय. सातवा विषय, एका कुटुंबाने देऊ केलेली चाळीस एकर जमीन स्वीकारणे. सुंदर फोटो, सगळे खूश, आजोबांच्या नावाची पाटी लावायची असं ठरतही आलं होतं. माझ्या हातात पेन होतं आणि समोरच्या कागदावर मी 25 चा पाढा लिहिलेला होता, शाळेतल्यासारखा. छातीत धडधडत होतं हो. शेवटी विचारलं, "याच्या देखभालीला वर्षाला किती लागतील, आणि हद्दीने कोणी चालून आलंय का?"

कोणीच काही बोललं नाही. कोणाचा तरी चमचा बशीवर वाजला. मग खजिनदार म्हणाले की आकडा काढलेला नाही. संचालक म्हणाल्या की पायथ्यापर्यंत जाऊन आलोय, वर गेलो नाही. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. निघताना एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "त्या कुटुंबाला वाईट वाटेल." वाटेलही. मला रात्री झोप नीट लागली नाही.

शमी

इतिवृत्तात तुमचा प्रश्न आलाय का ते पाहा. नसेल तर मंजुरीच्या वेळी घालायला सांगा. आणि त्या कुटुंबाला अध्यक्षांनी स्वतः फोन करावा, उशीर का होतोय ते सांगावं. पत्र नको.

खातेवही

पाढा लिहून नेलात! माझ्या आयुष्याचं सार्थक झालं.

बांधावरचा

हद्दीने कोण चालणार आहे मग?

रानजाई

मी आणि संचालक. रविवारी सकाळी सात वाजता.

बांधावरचा

उंच बूट घाला, जाड काठी घ्या, आणि जुना नकाशा मिळाला तर तोही. आधी कोपरे गाठा. गवताचा रंग बदलला की थांबा.